एसटी बंद पडली, थेरपीही बंद पडली

घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. सकाळी साडेसहाला यवतमाळची एसटी येते. ती गेली की फाट्यापर्यंत पायी चालायचं. माझ्या आजाराची गोष्ट मी या गाडीपासून सुरू करते, कारण मला कोणता उपचार मिळाला, किती दिवस मिळाला आणि कुठं तुटला, हे बरेचदा त्या गाडीवरच ठरलं.

मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. वय २९. निदान २०२१ मध्ये झालं, पण त्रास कॉलेजपासूनचा. दादानं फोन उचलला नाही की दहा मिनिटांत माझी खात्री व्हायची, मी त्याला नकोशी झाले. ती शंका नसायची. बाहेर पाऊस पडताना दिसतो तसं ते मला स्पष्ट दिसायचं. मग राग, मग स्वतःचीच किळस, मग स्वतःला इजा. तासाभरानं त्याचा फोन यायचा, "अवं, वावरात होतो, मोबाईल बंडीत राहिला," आणि सगळं पुन्हा जागेवर. एका दिवसात असं तीन-तीनदा. गावात म्हणायचे, पोट्टी नाटकं करते.

आधी एका डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, दुसऱ्यांनी बायपोलर. तीन वर्षं गोळ्या घेतल्या. झोप वाढली, बाकी काही बदललं नाही. मधे मायनं बाहेरची बाधा म्हणून एका ठिकाणी नेऊन आणलं. त्याबद्दल लिहावं असं काही नाही.

नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्यांदा वेळ विचारली. हा मूड किती टिकतो? आठवडे, दिवस, की तास? आणि त्याच्या आधी कोणाशी काही झालेलं असतं का? बायपोलरमधले चढ-उतार दिवस-दिवस, आठवडे-आठवडे चालतात. माझे तासांत बदलत होते आणि प्रत्येकाच्या मागं एक माणूस होता. त्यांनी नऊ लक्षणांची यादी वाचून दाखवली. निदानाला पाच पुरतात, माझ्यात सात होती. मी विचारलं, बॉर्डर कशाची? ते म्हणाले, १९३८ मध्ये ॲडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकानं हा शब्द वापरला, तेव्हा असे रुग्ण न्यूरोसिस (चिंता-भीतीसारखा त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवर आहेत असं मानत. ती समजूत मागं पडली, नाव राहिलं. खास या आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या आजूबाजूच्या त्रासाला लागल्या तर देऊ, पण मुख्य उपचार बोलण्याचा. "डीबीटी करा," ते म्हणाले.

डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. ती सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी तयार केली. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांवरचा त्यांचा पहिला मोठा अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. आपण स्वतः तरुणपणी याच यातनांमुळे इस्पितळात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. ही पद्धत रचणारी बाई माझ्यासारखीच होती.

जुलै २०२१ पासून दर गुरुवारी नागपूर. साडेसहाची गाडी, यवतमाळला बदलायची, दुपारी पोचायचं. आधी तासभर एकटीचं सेशन, मग अडीच तासांचा गट. रात्री यवतमाळला मावशीकडं मुक्काम, सकाळी गावी. फी आणि तिकीट मिळून महिन्याला जवळजवळ एक क्विंटल कापूस जायचा. दादानं कधी बोलून दाखवलं नाही.

गटात चार गोष्टी शिकवतात: आत्ताच्या क्षणाकडं लक्ष देणं, संकटाची वेळ काही न बिघडवता पार करणं, भावना सांभाळणं आणि माणसांशी बोलणं. कागदावर हे साधं दिसतं. खरं काम रोजच्या नोंदीत असतं. माझं डायरी कार्ड मी दादाच्या जमाखर्चाच्या वहीत मागच्या पानांवर आखलं. पुढून खत, बियाणं, मजुरी. मागून माझा राग, लाज, इजेची इच्छा, शून्य ते पाच. इजा झाली असेल तर सेशनमध्ये आधी तीच घ्यायची आणि तिची साखळी एकेक कडी मागं जात उलगडायची.

एक साखळी सांगते. सगळ्यांना चहा दिला, माझा कप वहिनीनं ठेवला नाही. पुढं जे व्हायचं ते झालं. सेशनमध्ये मी चहापासून सुरुवात केली. थेरपिस्ट म्हणाल्या, त्याच्या आधी? आदल्या रात्री थ्री-फेजची वीज रात्रीची होती, मी दादासोबत ओलिताला गेले होते. झोपले कधी? साडेचारला. जेवले कधी? आदल्या दुपारी. आणि वहिनीनं कप का ठेवला नव्हता? मी झोपली असेन असं तिला वाटलं म्हणून. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे: रात्रीचं ओलीत झालं की दुसऱ्या दिवशी माझ्याशी कोणी महत्त्वाचं बोलायचं नाही आणि मीही नाही. आज चार वर्षं झाली, तो नियम चालू आहे. माझ्या आयुष्यात त्यानं जितका फरक केला तितका कोणत्याही गोळीनं केला नाही.

उफाळा आला की चेहरा थंड पाण्यात बुडवायचा, श्वास रोखून. त्यानं हृदयाची गती खाली येते. बर्फ किराणा दुकानात मिळाला तर मिळाला. मी घमेल्यात रांजणाचं पाणी घ्यायचे. माय विचारायची, "काय करून राहिली व?" पहिल्यांदा घाबरली, मग स्वतःच पाणी भरून ठेवू लागली.

माणसांशी बोलण्याचा भाग मात्र जसा शिकवला तसा आमच्या ओट्यावर चालला नाही. 'तुम्ही असं केलं की मला असं वाटतं, म्हणून माझी विनंती अशी' हे बाबांसमोर म्हटलं की ते समजायचे, पोरगी भाषण देते. आम्ही गटात बसून त्याचं आमच्या बोलीतलं रूप शोधलं. "बाबा, एक बोलू का? आता नाही, जेवण झाल्यावर." आधी परवानगी, मग वेळ, मग एकच मागणी. तेवढं जमलं.

लिनेहान म्हणतात, जन्मतः तीव्र भावना आणि त्या भावनेला 'हे काहीच नाही' म्हणणारं भोवताल, या दोन्हींच्या घर्षणातून हा आजार घडतो. हे ऐकून मला मायबापांचा राग आला, मग रागाची लाज वाटली. आमच्या घरी कोणी क्रूर नव्हतं. पण ज्या घरात पाऊस लांबला की पेरणी मोडते, २०१७ साली बोंडअळीनं उभी पऱ्हाटी नेली, तिथं एका पोरीचं रडणं हे काम नसतं. "रडाले काय झालं? पोट भरलं न?" हे माय मायेनंच म्हणायची. पोट भरलं असणं हीच तिच्या दृष्टीनं सुखाची सीमा होती. हे मला नीट समजायला पुढची दोन वर्षं लागली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप पेटला. साडेसहाची गाडी बंद. पहिल्या आठवड्यात दादानं मोटारसायकलनं यवतमाळला सोडलं, तिथून खासगी गाडीनं गेले. भाडं दुपटीच्या वर. पुढच्या आठवड्यापासून ते जमेना, कापूस वेचणी ऐन भरात होती. गावात नेटवर्क छतावर चढल्याशिवाय येत नाही, आणि छतावर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत कोणती मुलगी अशा गोष्टी बोलेल? डीबीटीचा नियम आहे, सलग चार सेशन चुकले तर करार संपतो. माझे चार चुकले. गटातून नाव गेलं.

त्या नियमाला कारण आहे, मी ते मानते. सोडून जाण्याची ओढ हा या आजाराचाच भाग, तिला बांध घालावा लागतो. पण तो नियम अशा ठिकाणी घडला जिथं उपचार नाकारला तर माणूस नाकारतो, रस्ता नाकारत नाही. मी आले नव्हते असं नाही, गाडी आली नव्हती. मला हे तेव्हा कोणाला समजावता आलं नाही. मला फक्त इतकं दिसलं की ज्यांनी 'आम्ही सोडणार नाही' म्हटलं त्यांनी सोडलं.

जानेवारीतली एक रात्र फार वाईट गेली. तिचं वर्णन करत नाही. पोलीस केस होईल म्हणून काही जण खासगी दवाखान्यात न्या म्हणत होते. आशाताईंनी दादाला सरकारी दवाखान्यातच न्यायला लावलं, आणि तिथल्या समाजसेविकेनं सांगितलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं धरतं, त्यावर खटला चालवण्याऐवजी त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतं. गावागावात हे माहीत नाही, म्हणून इथं लिहिलं. घरी आल्यावर दादानं फवारणीचं सगळं औषध काकाजींच्या गोठ्यात कुलपात ठेवलं. आजही ते तिथंच असतं.

त्याच दवाखान्यात मला मॅडम भेटल्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी मानसशास्त्रज्ञ. दर मंगळवार, ४० मिनिटं, बाहेर बाकावर रांग. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "मी डीबीटी शिकलेली नाही. पण हा आजार मला माहीत आहे, आणि मी दर मंगळवारी इथं असते." मला राग आला. मनात आलं, खरा उपचार नागपुरात राहिला आणि मला उरलेलं वाढलं.

त्या मंगळवारांमध्ये विशेष काही घडायचं नाही. आठवडा कसा गेला, कोणाशी काय झालं, त्या भांडणाआधी काय झालं. त्या आजाराचं नाव घेऊन बोलायच्या, लपवायच्या नाहीत. दादाला आणि वहिनीला बोलावून दोघांना समजावलं. गोळ्या चारवरून एकीवर आणायला डॉक्टरांशी बोलल्या. आणि दर वेळी एक प्रश्न: "कामाचं काय?" माझं लग्न हा घरात मोठा विषय होता. त्या म्हणायच्या, आधी काम, मग जोडीदार. कामात माणसांशी अंतर ठरलेलं असतं, तिथं सराव होतो. मी चिडायचे, मला आधार हवा असताना या नोकरीचं काय घेऊन बसल्या. पण ऑगस्ट २०२२ मध्ये मी गावात ऑनलाइन सेवा केंद्र सुरू केलं. सातबारा, पीकविमा, आधारचे अर्ज. एखादा कास्तकार सर्व्हर डाऊन असल्याचा राग माझ्यावर काढायचा, आणि मला संध्याकाळपर्यंत दुकान उघडं ठेवावंच लागायचं.

खूप नंतर मला समजलं की मॅडम जे करत होत्या त्याला नाव आहे. अमेरिकेतले डॉ. जॉन गंडरसन यांनी आयुष्यभर या आजारावर काम केलं आणि शेवटच्या वर्षांत सर्वसाधारण मानसोपचारतज्ज्ञाला जमेल अशी 'गुड सायकिॲट्रिक मॅनेजमेंट' ही पद्धत लिहून काढली: आजार समजावून सांगणं, आठवड्याला एक भेट, घरच्यांना सोबत घेणं, औषधं कमीत कमी, आणि प्रेमाआधी काम. त्याही आधी, २००९ मध्ये, टोरोंटोतल्या अभ्यासाचा निकाल आला होता. १८० रुग्ण, निम्म्यांना वर्षभर पूर्ण डीबीटी, निम्म्यांना अशा प्रकारचा नीट बांधलेला साधा उपचार. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडं इजेचे प्रसंग बरेच कमी झाले होते आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे मॅडमनी मला मराठीत सांगितलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प होते. नागपूर सुटलं म्हणून मी दोन वर्षं शोक केला होता. माझ्यासारख्या खेड्यातल्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या घरच्यांना हा निकाल कळला पाहिजे, असं मला फार वाटतं. मोठं नाव असलेली थेरपी पुण्या-मुंबईला आहे म्हणून घरी बसू नका. आजार ओळखणारं, ठरलेल्या दिवशी भेटणारं एक माणूस जिल्ह्यात असेल तर तिथून सुरुवात करा.

याचा अर्थ सगळ्या थेरप्या सारख्याच असा मी काढत नाही. स्कीमा थेरपीचे मी मधे पाच ऑनलाइन सेशन घेतले. तिच्यात लहानपणीच्या प्रसंगात डोळे मिटून परत जायचं असतं, आणि थेरपिस्ट तुमच्या आतल्या लहान मुलीची बाजू घेतात. नेदरलँड्समध्ये २००६ साली तिची तुलना ऑटो केर्नबर्ग यांच्या मनोविश्लेषणातून आलेल्या पद्धतीशी झाली, तेव्हा स्कीमाचे जास्त रुग्ण बरे झाले आणि कमी जणांनी उपचार सोडला. पण ते उपचार आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं चालले होते. मी पाचव्या सेशननंतर सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत बसले होते, मनानं सहा वर्षांची झाले होते, आणि बाहेर गिऱ्हाईक हाक मारत होतं. इतकं उघडायला त्यानंतर सांभाळणारं कोणी लागतं. मी थांबवलं.

मेंटलायझेशन, म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललं असेल ते ओळखायला शिकवणारी थेरपी, मात्र मला लागू पडली. लंडनच्या अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची ही पद्धत; दीड वर्षाचा उपचार, आणि पहिल्या अभ्यासातल्या रुग्णांची आठ वर्षांनी पुन्हा तपासणी केली तेव्हाही फरक टिकून होता. २०२३ च्या जूनपासून पुण्याच्या एका थेरपिस्टकडं मी दर शनिवारी ऑनलाइन बसले, दुकानातल्या ब्रॉडबँडवर, शटर अर्धं ओढून. मंगळवारही सुटले नाहीत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं होतं, त्या वाचलेल्या पैशांत शनिवारची थोडी फी निघायची.

इथं वही नाही, गृहपाठ नाही. मी म्हणायचे, दादानं फोन उचलला नाही, त्याला मी नकोय. नागपूरला असते तर थेरपिस्टनी पुरावा तपासायला लावला असता आणि आत्ता काय करणार ते विचारलं असतं. पुण्याचे सर म्हणायचे, "थांबा, थोडं मागं जाऊ. फोन वाजत होता तेव्हा त्याच्या मनात काय काय असू शकेल?" मी एक कारण सांगायचे. "आणखी?" दुसरं. "आणखी?" त्यांना उत्तर माहीत आहे असा आव ते कधी आणत नसत. ते म्हणायचे, तुमचं मन ताणाखाली आलं की जे डोळ्यांना दिसेल तेवढंच प्रेम खरं धरतं. उचललेला फोन दिसतो, न उचललेल्या फोनमागची आठवण दिसत नाही.

एकदा वहिनीवरून असंच चाललं होतं. ती माझ्याशी मोजून बोलते, मला टाळते. सर म्हणाले, तुमचं काय चाललंय याबद्दल तिच्या मनात काय असेल, कधी विचारलंत? मी त्या रात्री भाजी निवडता निवडता विचारलं. वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, त्या जानेवारीपासून मी रोज रात्री दोनदा उठतो. तुमच्या खोलीत डोकावून येतो. तुमचा श्वास चालू आहे का पाहतो." दोन वर्षं. मला ती टाळत नव्हती, ती भीत होती, आणि चुकीचं बोलून जाईन म्हणून तोंड मिटून होती. डीबीटीनं मला त्या वर्षांत जिवंत ठेवलं असेल, पण वहिनी मला या प्रश्नानं मिळाली. आणि आधी घमेल्यातल्या पाण्यानं मन खाली आणता येत नसतं तर हा प्रश्न मला ऐकूही आला नसता, हेही तितकंच खरं आहे.

रात्रीची अडचण राहतेच. डीबीटीत थेरपिस्टला फोन करता येतो, कोणतं कौशल्य वापरू ते विचारायला. मंगळवारी भेटणाऱ्या मॅडमना रात्री अकराला फोन करता येत नाही. तेव्हा मी १४४१६ लावते, टेली-मानस. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. तिथलं माणूस दर वेळी वेगळं असतं, त्यामुळं वहीचं पहिलं पान मी वाचूनच दाखवते: माझं निदान हे, मला उपयोग होतो तो याचा, मला आत्ता दहा मिनिटं बोलत ठेवा.

सुरुवातीच्या एका डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, असे लोक सुधारत नाहीत. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून २९० रुग्णांचा पाठपुरावा केला, सगळे इस्पितळात भरती झालेले. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी निदानाच्या खाली राहिली. नोकरी आणि नातं धरून पूर्ण उभे राहिलेले मात्र निम्मेच. मॅडम कामाच्या मागं का लागल्या होत्या ते या दोन आकड्यांमध्ये आहे. बाबांना मी ९३ चा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग त्या डॉक्टरले सांगाले पाह्यजे न."

मागच्या महिन्यात मॅडमनी सांगितलं की त्यांचं कंत्राट संपतंय आणि त्या दुसऱ्या जिल्ह्यात जात आहेत. सहा आठवडे आधी सांगितलं, मुद्दाम. मी घरी आले, पाणी भरलं, चेहरा बुडवला, दोनदा. मग वहिनीला सांगितलं आणि ती माझ्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या मंगळवारी मी मॅडमवर ओरडले, तिसऱ्या मंगळवारी रडले, चौथ्या मंगळवारी आम्ही दोघींनी मिळून नव्या येणाऱ्या व्यक्तीसाठी माझी फाईल लिहिली. काय उपयोगी पडतं, काय पडत नाही, ओलिताच्या रात्रीचा नियम, काकाजींचा गोठा. तीन पानं झाली. अजून दोन मंगळवार आहेत. नव्या मॅडम कोण ते ठरलेलं नाही, पण वेळ तीच राहील असं दवाखान्यानं सांगितलंय, म्हणजे साडेसहाची गाडी चालेल.